सप्र्यांचा माफीनामा

बुढा तलावाजवळच्या ज्या शाळेत माझे बाबा शिकले, तिला रायपुरात सगळे सप्रे शाळा म्हणतात. रिक्षावाल्याला 'सप्रे स्कूल' एवढं सांगितलं की पुरतं. पण हे सप्रे कोण, असं विचारलं तर बहुतेक जण विचारात पडतात. एकदा एकाने मला सांगितलं, "कोई मराठी मास्टर रहे होंगे." मला हसू आलं, पण उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. माधवराव सप्रे मराठी होते आणि त्यांनी मास्तरकीही केली होती. आमच्या घरी मात्र त्यांची ओळख वेगळी होती. बाबा म्हणायचे, "छत्तीसगडात पहिलं मासिक काढलं ते आपल्या माणसानं." या 'आपल्या माणसानं'मध्ये रायपूरच्या मराठी घरांचा सगळा अभिमान आणि थोडं एकटेपण असे. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि नागपूरच्या नातेवाइकांपुढे 'तुमचं मराठी कसं हो असं' हे ऐकून घेणं, यात आम्ही वाढलो.

त्या अभिमानाला पहिला धक्का बसला तो मी कोलकात्याला तौलनिक साहित्यात एम. ए. करत असताना. एका टिपणासाठी मराठीतून हिंदीत अनुवाद करणाऱ्यांची माहिती जमवत होते. ग्रंथालयातल्या एका हिंदी पुस्तकात सप्र्यांवर चार पानं होती आणि त्यात एक साधं वाक्य होतं: १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि काही महिन्यांनी माफीनामा लिहून देऊन ते सुटले.

सुटीत घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"त्यात सांगायसारखं काय आहे?"

विषय तिथेच थांबला. तो पुन्हा निघायला पुढे पंधरा वर्षं लागली, आणि तेव्हा प्रश्न सप्र्यांचा राहिला नव्हता, माझा झाला होता. पण आधी सप्र्यांचं सांगते.

त्यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असं फिरत झालं. बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ती न पत्करता ते पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायला गेले आणि त्या पगारातून पैसे बाजूला टाकून जानेवारी १९००मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. तिन्ही आडनावं मराठी आणि मासिक हिंदी! या गोष्टीचं रायपुरात कुणाला नवल वाटत नाही, पुण्यात वाटतं. पेंड्रा म्हणजे तेव्हा जंगलाने वेढलेलं गाव. तिथे छापखाना नव्हता. मजकूर तिथे तयार व्हायचा आणि छपाईला बाहेर जायचा.

या मासिकात पुस्तकांची परीक्षणं असत, शास्त्रीय विषयांवर लेख असत. १९०१मध्ये त्यात सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. हिंदीतली पहिली कथा कोणती, या वादात तिचं नाव हमखास निघतं. जमीनदाराने एका गरीब विधवेची झोपडी बळकावली आहे. ती चुलीसाठी म्हणून तिथली टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचं ओझं पेलत नाही, मग या सगळ्या जमिनीचं ओझं जन्मभर कसं पेलणार, असं ती त्याला विचारते. ज्या भागात जमीन कुणाची हा प्रश्न आजही सर्वांत धोक्याचा आहे, तिथल्या पहिल्या मासिकात ही गोष्ट छापून आली हे मला महत्त्वाचं वाटतं.

'छत्तीसगढ मित्र' तीन वर्षांत बंद पडलं. त्याला सरकारने बंद पाडलं नाही. वर्गणी येत नव्हती आणि तोटा सोसवत नव्हता. वृत्तपत्रांच्या गळचेपीबद्दल बोलताना आपण कायदे आणि तुरुंग मोजतो. वर्गणी न भरणारे वाचक आपण मोजत नाही.

पुढे सप्रे नागपूरला गेले. टिळकांच्या 'केसरी'चे विचार हिंदी वाचकांपर्यंत न्यायचे म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी 'हिंदी केसरी' सुरू केला. 'केसरी'तल्या लेखांची हिंदी रूपं त्यात येत. म्हणजे सप्रे जे करत होते त्याला मी माझ्या पेशाच्या भाषेत अनुवाद म्हणेन. ज्या लिखाणाने हा माणूस तुरुंगात गेला, त्यातलं बरंचसं मुळात दुसऱ्याचं होतं.

ज्या कलमाखाली त्यांना पकडलं ते १२४-अ हे कलम १८७०मध्ये दंडसंहितेत आलं. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं हा त्यातला गुन्हा. १८९७मध्ये टिळकांवर पहिला खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला: अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. कोणत्याही अनुवादकाला हा अर्थ पहिल्यांदा वाचताना गंमत वाटेल. मग लक्षात येतं की या अर्थाने पाहिलं तर सरकारवर प्रेम न करणं एवढंच गुन्ह्याला पुरे होतं. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

त्याच्याही आधी, १८७८मध्ये, व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा आणला होता. मॅजिस्ट्रेट छापणाऱ्याकडून जामिनाची रक्कम घेऊ शके, ती जप्त करू शके, आणि त्यावर कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रं या कायद्यातून मोकळी होती. तेव्हा कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' रातोरात इंग्रजी झाली. चार वर्षांनी कायदा गेला, पण त्यामागची समजूत गेली नाही. इंग्रजीत लिहिलेलं मत असतं आणि देशी भाषेत लिहिलेली चिथावणी असते, ही ती समजूत. बस्तरमधल्या हिंदी वार्ताहराला आणि दिल्लीतल्या इंग्रजी स्तंभलेखकाला आजही वेगवेगळी वागणूक मिळते, तेव्हा मला लिटनचा कायदा आठवतो.

देशी भाषांवर नजर ठेवायची तर त्या वाचणारं कुणी तरी हवं. मुंबई इलाख्यात त्यासाठी सरकारी भाषांतरकाराचं कार्यालय होतं. मराठी, गुजराती आणि इतर भाषांतली वृत्तपत्रं वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारला गुप्तपणे सादर होई. हे काम करणारे बहुतेक लोक आपल्यातलेच होते. चांगलं मराठी आणि चांगलं इंग्रजी येणारे, पगारावर जगणारे. अनेक जुन्या वृत्तपत्रांचे अंक आता मिळत नाहीत. त्यांत काय होतं हे आज कळतं ते या गोषवाऱ्यांवरूनच. पाळत ठेवणाऱ्यांनी जपलं ते आपल्या हाती उरलं. माझ्या पेशाचे पूर्वज कोण, असं कुणी विचारलं तर मी सप्र्यांचं नाव घेते, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे भाषांतरकारही माझेच पूर्वज आहेत.

१९०८चा टिळकांचा खटला तर मोठ्या प्रमाणात भाषांतराचाच खटला होता. 'केसरी'तले मराठी लेख, त्यांची सरकारी इंग्रजी भाषांतरं, आणि ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी. ज्या भाषेत गुन्हा घडला असं सरकारचं म्हणणं होतं, ती भाषा ज्यूरीला येत नव्हती. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकूण २१ तासांहून अधिक बोलले. त्यातला बराच वेळ त्यांनी मराठी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि सरकारी भाषांतराने त्याचं काय केलं हे सांगण्यात घालवला. २२ जुलै १९०८ला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपेही त्याच महिन्यात तुरुंगात गेले.

महिन्याभराने, २२ ऑगस्टला, नागपुरात सप्र्यांना अटक झाली. 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकरही पकडले गेले. सप्रे तेव्हा ३७ वर्षांचे होते. प्रकृती बरी नव्हती. घरची माणसं त्यांच्यावर अवलंबून होती. चरित्रकार सांगतात की थोरले भाऊ बाबुराव माफीनाम्याचा कागद घेऊन आले आणि सही केली नाहीस तर मी जीव देईन, असं त्यांनी सांगितलं. सप्र्यांनी सही केली. नोव्हेंबरात ते सुटले. 'हिंदी केसरी' फार काळ चालू शकला नाही.

ज्यांनी कालपर्यंत डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी तोंड फिरवलं. सप्र्यांनीही स्वतःला माफ केलं नाही. ते रायपूरला परतले आणि सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. काही काळ ते मधुकरी मागून जेवत, असं सांगतात. वर्ध्याकडच्या एका रामदासी गुरूकडे जाऊन त्यांनी दासबोधाचा अभ्यास केला आणि मग तो हिंदीत आणला.

इथपर्यंतची गोष्ट मला एम. ए. पासूनच ठाऊक होती. तेव्हा मी विशीत होते. टिळक झुकले नाहीत, सप्रे झुकले, असा माझा सरळ हिशोब होता.

आता माझ्यावर आलेल्या प्रसंगाबद्दल.

दहा-एक वर्षांपूर्वी मी बाहेरगावच्या एका इंग्रजी प्रकाशनासाठी अनुवाद करत असे. दक्षिण बस्तरमधला एक वार्ताहर हिंदीत मजकूर पाठवायचा. मी तो इंग्रजीत करून पुढे द्यायची. शब्दामागे पैसे मिळायचे. वार्ताहर म्हणजे पगारी नोकर नव्हे. त्याच्याकडे नियुक्तिपत्र नव्हतं, ओळखपत्र नव्हतं. एक मोटारसायकल होती, मोबाइल होता आणि गोंडी येत होती. गावात जाऊन तो लोकांशी गोंडीत बोलायचा, हिंदीत लिहायचा आणि मी त्याचं इंग्रजी करायची. वाचकापर्यंत पोचेपर्यंत एका बाईचं बोलणं तीन भाषांतून गेलेलं असे.

तो काळ असा होता की रायपुरात आम्ही फोनवर 'बस्तर' हा शब्दसुद्धा जपून बोलायचो. २०१५मध्ये सोमारू नाग आणि संतोष यादव या वार्ताहरांना अटक झाली होती. २०१६च्या फेब्रुवारीत मालिनी सुब्रमण्यम यांना जगदलपूर सोडावं लागलं. धोका एकाच बाजूने नव्हता. विजापूर जिल्ह्यातले साई रेड्डी यांना २००८मध्ये राज्याच्या जनसुरक्षा कायद्याखाली माओवाद्यांचे हस्तक म्हणून पकडलं गेलं होतं आणि २०१३च्या डिसेंबरात माओवाद्यांनीच त्यांना ठार मारलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेमिचंद जैन यांचाही माओवाद्यांनी जीव घेतला. एकच माणूस दोन्ही बाजूंना शत्रूचा माणूस वाटू शकतो, हे ज्या प्रदेशात घडतं तिथून मजकूर यायचा.

एके दिवशी त्याने एका चकमकीची बातमी पाठवली. पोलिसांचं म्हणणं होतं की एक माओवादी गोळीबारात मारला गेला. मेलेल्या मुलाच्या आईचं म्हणणं वार्ताहराने हिंदीत असं लिहिलं होतं: रात को आए, पकड़ के ले गए, फिर मार दिया. पोलिसांची बाजूही त्याने नीट दिली होती. दोन्ही म्हणणी समोरासमोर ठेवली होती, जशी ठेवायला हवीत तशी.

मी अनुवाद केला. आईचं वाक्य मी इंग्रजीत असं लिहिलं की त्याचा मराठीत अर्थ होईल: ताब्यात घेतल्यानंतर त्याचा मृत्यू झाला, असा कुटुंबाचा दावा आहे.

मला कुणी सांगितलं नव्हतं. संपादकांचा फोन आला नव्हता, नोटीस आली नव्हती, दारात कुणी उभं नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते. आतल्या खोलीत मुलगी गणितं सोडवत होती, बाबांची रक्तदाबाची गोळी द्यायची होती. त्या बाईच्या वाक्यात तीन क्रियापदं होती: आले, नेलं, मारलं. तिन्हींना करणारा होता. माझ्या वाक्यात एकच घटना उरली आणि ती आपोआप घडल्यासारखी घडली. मी 'दावा' हा शब्द घातला. पोलिसांच्या म्हणण्याला मात्र 'माहिती' म्हटलं. हे टाइप करताना मला ते कळत होतं. भाषा हेच माझं शिक्षण आहे, मला न कळायला काय झालं! बातमी छापून आली. मजकूर स्वच्छ आणि जबाबदार होता म्हणून मला शाबासकीही मिळाली.

आठवड्याने त्याचा फोन आला. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, भाच्याकडून त्याने वाचून घेतलं होतं. आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "दीदी, उसमें तो किसी ने मारा ही नहीं."

मी संपादकीय शैली, कायदेशीर भाषा असं काहीतरी बोलले. त्याने ऐकून घेतलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे मजकूर पाठवणं बंद केलं.

त्या रात्री मी बाबांजवळ पुन्हा सप्र्यांचा विषय काढला. स्वतःचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "माफीनाम्यात सांगायसारखं काही नाही, असं तुम्ही म्हणाला होता. का?"

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आणीबाणीतली एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. १९७५मध्ये बाबा अठ्ठावीस वर्षांचे होते. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता. काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, पुष्कळांनी सोडली नाही. डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, याची बातमी रायपुरात कानोकानी आली. बाबांचा एक मित्र तेव्हा तुरुंगात होता. तो लिहून देऊन सुटला.

"आम्ही त्याच्याकडे जाणं सोडलं," बाबा म्हणाले. "तो चौकात दिसला तर दुसऱ्या गल्लीनं जायचो. त्याच्या आईला अर्धांग झाला होता, घरी करायला कुणी नव्हतं. हे आम्हाला फार नंतर कळलं. आणि आम्ही कोण होतो? आम्ही तर तुरुंगातही गेलो नव्हतो. ऑफिसात वेळेवर जात होतो."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू कशाला विचारून राहिली?"

मी काही नाही म्हटलं.

त्यानंतर मी सप्र्यांच्या उत्तर आयुष्याकडे नव्याने पाहायला लागले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं आणि १९१५मध्ये ते पुण्यात प्रसिद्ध झालं. वर्ष-दोन वर्षांतच त्याचा हिंदी अनुवाद आला. तो माधवराव सप्र्यांनी केला. ज्याने माफी मागितली नाही त्याने तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, ज्याने माफी मागितली त्याने उत्तर हिंदुस्थानात पोचवलं. आजही हिंदीत कुणी गीतारहस्य वाचलं असेल तर बहुधा सप्र्यांच्या शब्दांतून. तो जाडजूड ग्रंथ हातात घेते तेव्हा मला त्यातलं तत्त्वज्ञान नंतर आठवतं. आधी रायपुरात बसून पानामागून पान उतरवणारा एक माणूस डोळ्यांपुढे येतो, ज्याला टिळकांचं प्रत्येक वाक्य पुरतं पोचवायचं होतं. हे त्याचं प्रायश्चित्त होतं असं मी म्हणणार नाही, ते ठरवणारी मी कोण? पण हे काम त्याने अनुवादक म्हणून केलं आणि त्यात मूळ लेखकाला कुठे मऊ केलं नाही. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरच्या ग्रंथाचाही त्यांनी अनुवाद केला. १९२०मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाला. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले आणि सप्रे पाठीशी उभे राहिले. स्वतःच्या नावाने मात्र ते पुन्हा वृत्तपत्राचे संपादक झाले नाहीत. १९२६मध्ये रायपुरातच ते गेले.

सप्र्यांची माफी आणि माझं वाक्य मी शेजारी ठेवून पाहिलं. त्यांच्याकडून सही काढून घेतली गेली. समोर तुरुंग होता, भाऊ जीव द्यायला निघाला होता. आणि त्यांनी मागे घेतलं ते स्वतःचं म्हणणं. माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, आणि मी मागे घेतलं ते दुसऱ्या एका बाईचं म्हणणं, तिला न विचारता. दीडशे वर्षांत वृत्तपत्रांची गळचेपी कशी बदलत गेली, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा या तुलनेत जास्त मिळालं. आधी छापखाना जप्त व्हायचा, मग जामीन मागितला जाई, मग आणीबाणीत सेन्सॉर अधिकारी बसला. त्या प्रत्येक वेळी दडपणारा समोर दिसत होता. त्याचं नाव, हुद्दा, शिक्का कागदावर राही, म्हणून शंभर वर्षांनंतर आपण त्याला ओळखू शकतो. माझ्या वाक्यावर कुणाचाच शिक्का नाही. कुठल्याही दप्तरखान्यात ते सापडणार नाही. उद्या कुणी त्या काळच्या बातम्यांचा अभ्यास केला तर त्याला दिसेल की तिथे माणसं मरत होती, पण कुणी मारत नव्हतं.

२०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कलमाखालची कारवाई थांबवली. २०२४च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे आणि त्याची व्याप्ती पाहून अनेक कायदेतज्ज्ञांना जुनं कलमच आठवलं. छत्तीसगड विधानसभेने २०२३च्या मार्चमध्ये माध्यमकर्मींच्या संरक्षणासाठी विधेयक मंजूर केलं. आणि १ जानेवारी २०२५ला विजापूरचे मुकेश चंद्राकर घरून निघाले ते परतले नाहीत. तिसऱ्या तारखेला त्यांचा मृतदेह एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये मिळाला. वरून नव्याने काँक्रीट घातलेलं होतं. काही दिवसांपूर्वी रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचारावर त्यांची बातमी आली होती. त्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनल होतं, 'बस्तर जंक्शन'. २०२१मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या सीआरपीएफ जवानाला सोडवून आणायला जंगलात गेलेल्यांत तेही होते.

छापखाना नको, जामीन नको, संपादक नको, एक मोबाइल पुरे, असं आपण नव्या पत्रकारितेबद्दल म्हणतो. ते खरंही आहे. पेंड्र्याहून मजकूर छपाईला पाठवणाऱ्या सप्र्यांना याचा हेवा वाटला असता. पण छापखाना जातो तेव्हा छापखान्याची भिंतही जाते. त्या माणसाच्या आणि रस्त्याच्या कंत्राटदाराच्या मध्ये आता काहीच नसतं.

ती बातमी आली त्या रात्री मी माझ्या जुन्या वार्ताहराला फोन लावला. इतक्या वर्षांनी नंबर तोच होता. तो सुखरूप होता, मोटारसायकल चालवत होता, बाजूला थांबला. इकडचं तिकडचं बोलून मी त्याला ते वाक्य आठवून दिलं आणि म्हटलं की ती माझी चूक होती, शैली नव्हती, मी घाबरले होते.

तो म्हणाला, "कौन सा वाक्य, दीदी? ऐसे तो बहुत थे."

त्याला ते आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं जे उराशी धरून बसले होते, ते त्याच्या हिशोबात अनेकांतलं एक होतं. त्याने मला माफ केलं नाही की दोष दिला नाही. गाडी सुरू केल्याचा आवाज आला. म्हणाला, एक मजकूर आहे, कुणी अनुवाद करणारं मिळत नाही, पाठवू का?

मी पाठव म्हटलं. रात्री मजकूर आला. एका गावातल्या हातपंपाविषयी होता. पंप दोन वर्षं बंद होता आणि कागदोपत्री मात्र दुरुस्त झालेला. त्याने लिहिलं होतं की दुरुस्तीचे पैसे सरपंचाने आणि एका ठेकेदाराने उचलले असं गावकरी म्हणतात, आणि सरपंचाचं म्हणणंही खाली दिलं होतं. मी बसले. पैसे 'उचलले गेले' असं पहिल्यांदा टाइप केलं. मग ते खोडलं, आणि कुणी उचलले हे गावकऱ्यांनी जसं सांगितलं होतं तसं लिहिलं.